टॅव्हेरा विकणाऱ्या कंपनीची स्पोर्ट्स कार

आपल्याकडे शेव्रोले म्हटलं की आधी आठवते ती टॅव्हेरा. पहाटे विमानतळावर सोडणारी, टपावर बॅगा बांधून अख्ख्या कुटुंबाला अष्टविनायक करून आणणारी. तिच्यानंतर बीट आणि स्पार्क. या दोन्ही तळेगावच्या कारखान्यात तयार व्हायच्या. त्याच्याही कितीतरी आधी, 1928 साली, शेव्रोलेची मालक असलेल्या जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला सुटे भाग आणून मोटारी जोडायला सुरुवात केली होती. 2017 च्या अखेरीस कंपनीने भारतातली विक्री बंद केली, आणि शेव्रोले हे नाव आपल्यापुरतं ‘बरी होती, पण आता पार्ट मिळत नाहीत’ या वर्गात जमा झालं.

हीच कंपनी 1953 पासून एक दोन सीटची स्पोर्ट्स कार बनवते आहे. तिचं नाव कॉर्व्हेट. भारतात ती कंपनीने कधी अधिकृतपणे विकली नाही, पण अमेरिकेत तिचं स्थान असं आहे की तिच्यासाठी वेगळं संग्रहालय आहे, तिच्या मालकांचे गावोगाव क्लब आहेत, आणि रस्त्यावर समोरून दुसरी कॉर्व्हेट आली तर अनोळखी चालकाला हात करायची रीत आहे.

ही कार समजून घ्यायची तर एक गोष्ट पक्की धरून ठेवावी लागते. फेरारी किंवा पोर्शेसारख्या शर्यतीच्या घराण्यात ती जन्मली नाही. घरगुती सेडान आणि मालवाहू ट्रक बनवणाऱ्या कंपनीने जमेल तिथे आपल्याच गोदामातले भाग वापरून ती उभी केली. सुरुवातीला याच कारणामुळे ती बुडता बुडता वाचली. पुढे टिकली तीही, माझ्या मते, याच कारणामुळे.

पण आधी स्पोर्ट्स कार म्हणजे काय ते पाहू. नुसता वेग पुरत नाही. जड सेडानला दांडगं इंजिन लावलं तर तीही सरळ रस्त्यावर सुसाट जाते. स्पोर्ट्स कारची परीक्षा वळणावर असते. गाडी हलकी हवी, जमिनीलगत हवी, तिचं वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर साधारण सारखं वाटलेलं हवं. स्टिअरिंग थोडं वळवलं की नाक लगेच वळायला हवं. ब्रेक पुन्हा पुन्हा दाबले तरी तापून निकामी व्हायला नकोत. सीट दोनच, कारण मागचा बाक आला की लांबी आणि वजन दोन्ही वाढतं.

1950 च्या सुमारास अमेरिकेत असल्या कारला गिऱ्हाईक जवळपास नव्हतं. रस्ते लांब आणि सरळ, पेट्रोल स्वस्त, कुटुंबं मोठी. लोकांना हव्या होत्या सोफ्यासारख्या सीटच्या लांबलचक गाड्या. 1952 साली तिथे नोंदणी झालेल्या चाळीस लाखांहून जास्त नव्या मोटारींमध्ये स्पोर्ट्स कार होत्या जेमतेम अकरा हजारांच्या घरात, आणि त्याही बहुतेक परदेशी. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडला गेलेल्या अमेरिकन सैनिकांना एमजीसारख्या छोट्या उघड्या गाड्यांची चटक लागली होती. पाठोपाठ जॅग्वारची एक्सके 120 आली आणि हॉलिवूडच्या नटांनी ती घ्यायला सुरुवात केली.

हे सगळं बारकाईने बघणारा एक माणूस जनरल मोटर्समध्ये होता. हार्ली अर्ल, कंपनीच्या डिझाइन विभागाचे प्रमुख. गाड्यांच्या मागच्या बाजूला विमानाच्या शेपटीसारखे पंख लावायची अमेरिकन फॅशन त्यांच्याच स्टुडिओतून निघाली. अर्ल यांना वाटलं की युरोपियन गाडीची मजा देणारी, पण अमेरिकन कारखान्यात बनलेली आणि परवडणारी गाडी का असू नये? रॉबर्ट मॅक्लीन या तरुण इंजिनिअरकडे त्यांनी आराखडा सोपवला. मॅक्लीन यांनी नेहमीसारखी पुढच्या टोकापासून सुरुवात केली नाही. मागच्या आसापासून ते पुढे सरकत गेले: आधी आस, त्याच्या थोडं पुढे माणसांच्या सीट, आणि मग इंजिन, शक्य तितकं मागे आणि खाली ढकललेलं. वजनाची वाटणी नीट व्हावी म्हणून हा खटाटोप. दोन आसांमधलं अंतर 102 इंच ठेवलं, नेमकं जॅग्वारइतकं.

इथपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध. पुढे खर्चाचा प्रश्न आला आणि गोदामाचं दार उघडलं.

इंजिन घेतलं शेव्रोलेच्या सेडानमधलं, एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं, 3.9 लिटरचं. ‘ब्लू फ्लेम’ असं झोकदार नाव, पण स्वभाव सेडानचाच. त्यावर तीन कार्ब्युरेटर बसवून ते 150 हॉर्सपॉवरपर्यंत ओढलं. गिअरबॉक्स तर त्याहून साधा, दोनच गिअरचा ऑटोमॅटिक. पुढचं सस्पेन्शनही सेडानच्याच भागांतून जुळवलेलं. आणि पत्र्याच्या जागी बॉडी फायबरग्लासची.

फायबरग्लास कशासाठी, हे जरा थांबून बघण्यासारखं आहे. पत्र्याला आकार द्यायचा तर आधी पोलादाचे प्रचंड डाय बनवावे लागतात आणि दांडग्या प्रेसखाली पत्रा दाबावा लागतो. डाय बनवायलाच कित्येक महिने आणि अफाट पैसा लागतो. लाखो गाड्या विकायच्या असतील तर तो खर्च वसूल होतो, काही शे गाड्यांसाठी नाही. फायबरग्लासचं काम बरंचसं साच्यातल्या गणपतीसारखं चालतं: साचा करायचा, त्यात काचेच्या बारीक धाग्यांचं जाळं पसरायचं, वरून रेझिन ओतायचं, ते घट्ट झालं की साच्यातून सुटा भाग काढायचा. साचा स्वस्त, पण मजुरी भरपूर. थोड्या गाड्यांसाठी हे गणित बरोबर बसतं.

गंमत म्हणजे कंपनीचा विचार पुढे पत्र्याकडेच वळायचा होता. पण 17 जानेवारी 1953 रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात मोटोरामा या जनरल मोटर्सच्या फिरत्या प्रदर्शनात ही कार लोकांसमोर आली, आणि तिच्या रूपाइतकीच तिच्या ‘प्लॅस्टिक’ बॉडीची चर्चा झाली. त्या काळात प्लॅस्टिक म्हणजे भविष्य. मग कंपनीनेही ते तसंच ठेवलं. आजवर एकाही कॉर्व्हेटची बॉडी पोलादी पत्र्याची झालेली नाही. ती गंजत नाही, हा अमेरिकेच्या थंड भागात मोठा फायदा. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि पत्र्याच्या गाड्यांची चाळण होते.

तोटेही निघाले. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचं काम करते. फायबरमधून वीज जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला अर्थिंगची वेगळी वायर हवी. सवयीने पत्र्याच्या गाड्या जोडणाऱ्या कामगारांच्या हे लवकर अंगवळणी पडेना आणि नव्याकोऱ्या गाडीचे दिवे लागेनात. याच गुणाचा एक उपयोगही कोणीतरी शोधला. रेडिओच्या लहरी फायबरमधून आरपार जातात, म्हणून अँटेना डिकीच्या झाकणाच्या आतच लपवली.

30 जून 1953 रोजी मिशिगनमधल्या फ्लिंट इथे पहिली कॉर्व्हेट बाहेर पडली. त्या वर्षी बनल्या फक्त 300, जवळपास हातानेच. सगळ्या पांढऱ्या, आतून लाल, वर काळं कापडी छत. किंमत 3,498 डॉलर, म्हणजे साध्या शेव्रोले सेडानच्या सुमारे दुप्पट. दरवाज्याला बाहेरून हँडल नव्हतं. खिडकीला खालीवर होणारी काच नव्हती, पाऊस आला की प्लॅस्टिकचे पडदे अडकवायचे, आणि तरी पाणी आत यायचंच. या पहिल्या गाड्या कंपनीने सरसकट विकल्या नाहीत, नामवंत मंडळींना दिल्या. सामान्य माणसाला शोरूममध्ये फक्त बघायला मिळाली. मिरवायला द्यायची आणि विकायची मात्र नाही, हा व्यापार कोणाच्या डोक्यातून निघाला कोण जाणे.

पुढच्या वर्षी काम मिसुरीतल्या सेंट लुईसच्या मोठ्या कारखान्यात हलवलं. 1954 साली 3,640 गाड्या बनल्या आणि वर्ष संपलं तेव्हा जवळपास तिसरा हिस्सा विकल्याविना पडून होता. कारण उघड होतं. स्पोर्ट्स कारचा शौकीन यायचा, दोन गिअरचा ऑटोमॅटिक बघून परत जायचा. ज्याला आरामशीर गाडी हवी तो गळकं छत बघून परत जायचा. 1955 मध्ये उत्पादन 700 वर आलं. कोणत्याही हिशेबी कंपनीने इथेच दुकान बंद केलं असतं.

तसं झालं नाही याची दोन कारणं. पहिलं कारण फोर्ड. त्यांनी 1955 साठी थंडरबर्ड ही दोन सीटची गाडी आणली, पत्र्याची, काचा वरखाली होणाऱ्या, आठ सिलिंडरचं इंजिन असलेली. पहिल्याच वर्षी 16,000 हून जास्त विकली गेली. प्रतिस्पर्धी जिंकत असताना मैदान सोडणं जनरल मोटर्सला परवडणारं नव्हतं, नाक कापलं गेलं असतं. (फोर्डने पुढे थंडरबर्डला मागचा बाक लावून चार सीटची करून टाकली. गाडी खपली जास्त, पण स्पोर्ट्स कार म्हणून ती संपली.)

दुसरं कारण म्हणजे झोरा आर्कस-डंटॉव्ह. जन्म 1909, ब्रसेल्समध्ये, रशियन ज्यू आईबापांच्या पोटी. बालपण रशियात, शिक्षण बर्लिनला, मग फ्रान्स. नाझी आले तेव्हा तिथून निसटून अमेरिका. न्यूयॉर्कमध्ये भावाबरोबर त्यांनी इंजिनांचं वर्कशॉप काढलं आणि त्यांचा गाजलेला माल होता फोर्डच्या जुन्या इंजिनाची ताकद वाढवणारे सिलिंडर हेड. हे गृहस्थ मोटोरामात कॉर्व्हेट बघायला आले आणि तिच्या रूपावर फिदा झाले. आतलं यंत्र बघून तितकेच हिरमुसले. त्यांनी शेव्रोलेचे मुख्य इंजिनिअर एड कोल यांना पत्र लिहिलं, आणि 1953 मध्येच ते कंपनीत रुजू झाले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी वरिष्ठांना एक टिपण पाठवलं. मुद्दा साधा होता. जुन्या गाड्या घेऊन घराच्या गॅरेजमध्ये इंजिनं खोलणारी तरुण पोरं फोर्डवर वाढतात, मासिकं फोर्डचीच वाचतात, आणि कमवायला लागली की साहजिकच फोर्ड घेतात. त्यांना शेव्रोलेकडे वळवायचं तर त्यांच्या हातात वेगवान, खोलता-जोडता येईल असं काहीतरी द्या, आणि जास्त ताकदीचे सुटे भाग आपणच विका. कॉर्व्हेटचा पुढचा सगळा इतिहास या टिपणात बीजरूपाने आहे असं मला वाटतं. भागांचं गोदाम ही लाज वाटण्याची गोष्ट नाही, तीच विकण्याची गोष्ट आहे, हे कंपनीत पहिल्यांदा या नवख्या माणसाने ओळखलं.

आणि नशिबाने गोदामात एक हिरा येऊन पडला होता. एड कोल यांच्या चमूने सेडानसाठी नवं आठ सिलिंडरचं इंजिन बनवलं होतं, 4.3 लिटरचं. चार-चार सिलिंडरच्या दोन ओळी इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तिरक्या मांडलेल्या, म्हणून व्ही-8. 1955 साली ते कॉर्व्हेटमध्ये बसवलं. ताकद 195 हॉर्सपॉवर, आणि वजन जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनापेक्षा कमी! ताशी शून्य ते 60 मैलांचा वेग गाठायला आधी 11 सेकंद लागायचे, ते नऊच्या आत आले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात क्लचवाला तीन गिअरचा बॉक्सही आला. ‘स्मॉल ब्लॉक’ म्हणतात ते हेच इंजिन. त्याच्या वंशातली दहा कोटी इंजिनं 2011 पर्यंत जनरल मोटर्सने बनवली. पिकअपमध्ये, पोलिसांच्या गाड्यांमध्ये, बोटींमध्ये, सगळीकडे ती आहेत.

या इंजिनाची रचना समजली की कॉर्व्हेटवरचा एक नेहमीचा आक्षेपही समजतो. प्रत्येक सिलिंडरला हवा आत घेणाऱ्या आणि धूर सोडणाऱ्या झडपा असतात. त्या उघडण्याचं काम कॅमशाफ्ट हा उंचवटे असलेला फिरता दांडा करतो. आजच्या बहुतेक इंजिनांत हे दांडे झडपांच्या डोक्यावर असतात. व्ही-8 मध्ये दोन ओळी, म्हणजे वर चार दांडे आणि त्यांना फिरवणाऱ्या साखळ्या. शेव्रोलेच्या या इंजिनात एकच दांडा आहे, तोही खाली, दोन ओळींच्या बेचक्यात. तिथून लांब सळ्या वर जातात आणि झडपा ढकलतात. या सळ्यांना पुशरॉड म्हणतात.

युरोपियन गाड्यांचे भक्त म्हणतात, ही जुनाट पद्धत आहे, बैलगाडीच्या जमान्यातली. एका अर्थी बरोबर. सळ्यांचं वजन आडवं येतं, त्यामुळे इंजिन फार उच्च फेऱ्यांवर नेता येत नाही, आणि दर लिटरमागे ताकद कमी निघते. पण लिटर मोजून गाडी चालवत नाही कोणी. डोक्यावर दांडे नसल्याने हे इंजिन बुटकं, अरुंद आणि हलकं राहतं. सहा लिटरचं पुशरॉड इंजिन बाहेरून मोजलं तर बऱ्याचदा चार-पाच लिटरच्या आधुनिक इंजिनापेक्षा लहान भरतं. ते खाली बसवता येतं, बोनेट सखल ठेवता येतं, गाडीचा भार जमिनीलगत येतो. शिवाय भाग कमी, म्हणून स्वस्त, आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यालाही ते खोलता येतं. मी पुशरॉडच्या बाजूचा आहे, हे लपवत नाही.

1956 ला बॉडी बदलली, खिडक्यांना काचा आल्या, दरवाज्याला हँडल आलं. 1957 ला फ्युएल इंजेक्शन आलं. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल एका छोट्या कुंडीत साठतं. गाडी जोरात वळली की ते एका बाजूला डचमळतं आणि इंजिन ऐन वळणात उपाशी राहतं. इंजेक्शनमध्ये पेट्रोल दाबाने मोजून मारलं जातं, त्यामुळे ही अडचण जाते. 283 घन इंचांच्या इंजिनातून 283 हॉर्सपॉवर निघाले, घन इंचाला एक. जाहिरातवाल्यांना आणखी काय हवं?

1957 मध्येच अमेरिकन मोटार कंपन्यांनी आपसात ठरवलं की शर्यतीत अधिकृतपणे उतरायचं नाही. डंटॉव्ह यांनी मग मागच्या दाराने खाजगी संघांना मदत सुरू ठेवली. 1960 मध्ये ब्रिग्ज कनिंगहॅम या श्रीमंत क्रीडापटूने तीन कॉर्व्हेट फ्रान्सला ल मां इथल्या 24 तासांच्या शर्यतीत नेल्या. त्यातल्या जॉन फिच आणि बॉब ग्रॉसमन यांच्या गाडीचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, शेवटी संपत आलं, आणि ठराविक फेऱ्या पूर्ण होईपर्यंत ते भरायला नियमाने मनाई. चमूने खाण्यापिण्याच्या सामानातला बर्फ आणून इंजिनाभोवती ठासला, गाडी हळूहळू फिरवत ठेवली आणि आपल्या गटात पहिला नंबर मिळवला.

मग आलं 1963, आणि या कारचं सगळ्यात देखणं रूप. नाव स्टिंग रे. अर्ल निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी बिल मिचेल. रेखाटन मुख्यतः लॅरी शिनोडा यांच्या हातचं. बोनेटवर धारदार कडा, दडवलेले हेडलाइट, आणि मागे निमुळत्या होत जाणाऱ्या काचेच्या मधोमध छतापासून उतरणारी एक पट्टी, जिच्यामुळे काच दोन भागांत विभागलेली. मिचेल यांचा या पट्टीवर जीव होता. डंटॉव्ह यांचा संताप, कारण मागचं काही दिसतच नाही. दोघांचं यावरून चांगलंच वाजलं. 1963 पुरती पट्टी राहिली, पुढच्या वर्षी गेली. काही मालकांनी तर ती कापून काढून 1964 ची अखंड काच बसवून घेतली. आज पट्टीवाली 1963 ची कूपे ही संग्राहकांची सगळ्यात लाडकी कॉर्व्हेट आहे. त्या कापणाऱ्यांचं काय होत असेल, विचार न केलेला बरा.

या गाडीखालचं काम त्याहून शहाणपणाचं होतं. आधी मागची दोन्ही चाकं एकाच ताठ आसावर होती. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही हलायचं, ऐन वळणात पकड सुटायची. डंटॉव्ह यांना दोन्ही चाकं स्वतंत्र हवी होती. कॉइल स्प्रिंगला ना जागा ना बजेट. म्हणून त्यांनी ट्रकखाली असतात तसे पाटे घेतले, नऊ पात्यांचे, आणि ते लांबीला न लावता गाडीच्या रुंदीत आडवे बसवले. एकाच पाट्याची दोन टोकं दोन चाकांना. बघणारे हसले, पण गाडी वळली छान. ही आडव्या पाट्याची युक्ती, पुढे पोलादाऐवजी फायबरच्या पाट्याने, कॉर्व्हेटमध्ये 2019 पर्यंत टिकली.

साठच्या दशकात तिला आणखी एक वलय मिळालं, आणि त्यात थोडा हात एका डीलरचा. जिम रॅथमन हे 1960 ची इंडियानापोलिस 500 शर्यत जिंकलेले ड्रायव्हर, आणि फ्लोरिडात केप कॅनव्हेरल या रॉकेट सोडण्याच्या ठिकाणाजवळ त्यांचं शेव्रोलेचं दुकान. अंतराळवीरांना वर्षाला एक डॉलर भाड्याने गाडी देण्याची योजना त्यांनी आखली, आणि बऱ्याच जणांनी अर्थातच कॉर्व्हेट घेतली. अपोलो 12 च्या तिघांनी, कॉनराड, गॉर्डन आणि बीन यांनी, एकसारख्या सोनेरी-काळ्या गाड्या घेऊन फोटो काढले. चंद्रावर जाणारा माणूस शेव्रोले चालवतो, याहून मोठी जाहिरात पैसे देऊनही मिळाली नसती.

याच काळातली एल88 ही कॉर्व्हेट. सात लिटरचं, खरं तर शर्यतीसाठीच बनवलेलं इंजिन. कंपनीने मुद्दाम ताकद 430 हॉर्सपॉवर छापली, म्हणजे दुसऱ्या स्वस्त इंजिनापेक्षा पाच कमी, खरी ताकद 500 च्या पुढे असताना. रेडिओ नाही, हीटर नाही. हेतू हा की हौशी गिऱ्हाइकाने चुकून घेऊ नये. 1967 साली फक्त 20 बनल्या. त्यातली एक 2014 च्या लिलावात 38 लाख डॉलरच्या वर गेली.

सत्तरचं दशक ताकदीच्या दृष्टीने पडझडीचं. धुराचे नियम कडक झाले. 1975 मध्ये धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, त्याला शिशाचं पेट्रोल चालत नाही, आणि बिनशिशाच्या पेट्रोलवर जुनी उच्च दाबाची इंजिनं चालत नाहीत. या बदलाची तयारी म्हणून 1971 लाच दाब कमी केला होता, ताकद गेली. पाठोपाठ मोजायची पद्धतही बदलली: पूर्वी सुटं इंजिन टेबलावर ठेवून मोजायचे, आता सायलेन्सर आणि पंप लावून. त्यामुळे एकच इंजिन 1971 मध्ये 270 चं होतं ते 1972 मध्ये कागदावर 200 चं झालं. 1975 ची साधी कॉर्व्हेट 165 हॉर्सपॉवरवर आली. आणि विक्री? 1979 साली 53,807 गाड्या बनल्या, हा विक्रम आजही मोडलेला नाही. दुबळ्या काळातली कॉर्व्हेट सगळ्यात जास्त खपली. लोक फक्त ताकद विकत घेत नव्हते, इतकं यावरून नक्की कळतं. ती लांब नाकाची आकृती, खाली पाय पसरून बसणं, आणि ‘आपलीही कॉर्व्हेट आहे’ हे म्हणता येणं.

1981 मध्ये कारखाना केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला गेला. 1983 चं मॉडेल म्हणून एकही गाडी विकली गेली नाही. नवं मॉडेल लांबलं, चाचणीसाठी बनवलेल्या 43 गाड्यांतली एकच उरली आहे. ती तिथल्याच संग्रहालयात ठेवलेली असते. हे संग्रहालय 2014 मध्ये वेगळ्याच कारणाने जगभर पोचलं. तो भाग चुनखडकाचा, खाली गुहाच गुहा. 12 फेब्रुवारीला पहाटे दालनाची जमीन खचली आणि आठ कॉर्व्हेट खाली गेल्या. तीन दुरुस्त केल्या, बाकीच्या पाच चेपलेल्या, चिखलाने माखलेल्या अवस्थेत तशाच मांडल्या. त्या बघायला गर्दी वाढली.

डंटॉव्ह यांचं एक स्वप्न मात्र राहून गेलं होतं. त्यांना इंजिन चालकाच्या मागे हवं होतं. कारण यांत्रिक आहे. गाडी जोरात निघते तेव्हा भार मागच्या चाकांकडे सरकतो. इंजिनाचं वजनही तिकडेच असेल तर मागची चाकं रस्ता घट्ट धरतात आणि ताकद वाया न जाता वेगात उतरते. इंजिन पुढे असेल तर एका मर्यादेपलीकडे ताकद वाढवून चाकं जागच्या जागी फिरण्यापलीकडे काही होत नाही. डंटॉव्ह यांनी 1960 पासून अशी प्रयोगाची यंत्रं बनवली, दरवेळी वरून नकार आला: खर्च फार, आणि आहे ती गाडी खपतेच आहे. ते 1975 मध्ये निवृत्त झाले, 1996 मध्ये गेले. त्यांच्या अस्थी बोलिंग ग्रीनच्या संग्रहालयात आहेत.

जुलै 2019 मध्ये आठव्या पिढीची कॉर्व्हेट आली आणि इंजिन मागे गेलं. पुढचं इंजिन ठेवून ताकद वाढवायची हद्द गाठली होती, हे शेवटी कंपनीनेच मान्य केलं. पण मागे बसलं ते इंजिन कोणतं? तेच पुशरॉडवालं स्मॉल ब्लॉक घराणं, 6.2 लिटर, 490 हॉर्सपॉवर. सुरुवातीची किंमत 60,000 डॉलरच्या पाच डॉलर आत. अशी मांडणी असलेली फेरारी तेव्हा याच्या चौपटीहून जास्त किमतीला मिळत होती. क्लचचं पेडल मात्र गेलं, जुने चाहते अजून कुरकुरतात. डिकीत गोल्फच्या दोन बॅगा मावायलाच हव्यात ही अट डिझाइनरांनी पाळली, कारण गिऱ्हाईक कोण आहे हे त्यांना ठाऊक आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कारखान्यातून उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची कॉर्व्हेटही निघाली, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि जपानसाठी.

या कारच्या ओढीमागे काय आहे, तर माझ्या मते हिशेब. कारागिरांच्या हातची दुर्मीळ गाडी बहुतेकांना पोस्टरवर बघायची असते. कॉर्व्हेट मात्र नोकरी करणारा माणूस पन्नाशीत, पोरांची शिक्षणं उरकल्यावर घेऊ शकतो, आणि जिथे शेजाऱ्याचा पिकअप दुरुस्तीला जातो त्याच शेव्रोलेच्या दुकानात सर्व्हिसिंगला नेऊ शकतो. जुनी घेतली तर भाग मिळतात, कारण त्यातले कितीतरी भाग लाखो सेडान आणि ट्रकमध्येही होते.

जुन्या गाड्या मूळ रूपात आणणाऱ्यांची एक संस्था 1974 पासून आहे, नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी. तिचे परीक्षक गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा कशी होती याच्याशी ताडून गुण देतात. इंजिनावर कोरलेला क्रमांक, बोल्टच्या डोक्यावरची खूण, रबरी पाइपवरची छपाई, सगळं तपासतात. सेंट लुईसचे कामगार घाईत रंग मारायचे, तो थोडा खरबरीत बसायचा, जोडाच्या रेषा किंचित उठून दिसायच्या. नवीन मालकाने हौसेने आरशासारखा गुळगुळीत रंग करून आणला, तर परीक्षक वहीत त्याचे गुण कापतात.